मोळीविना रानात
(बोरधरणच्या एका सहलीची हकीकत)



शेती खात्यात विस्ताराचे काम करता करता माझी तीस वर्षे गेली. एवढ्या काळात शेतकऱ्यांच्या किती सहली नेल्या, त्याचा हिशेब आता लागत नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ दाखवले, सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र दाखवले, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद दाखवली, कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीची गवळाऊ जनावरे दाखवली. पहाटे गाडी निघायची. गाडीत चाळीस पुरुष आणि चाळीस शिदोऱ्या. शिदोऱ्या बांधणाऱ्या मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात हलवायच्या आणि लगेच शेणपाण्याला वळायच्या.

अलीकडे बचत गटांमुळे बायाही सहलीला येऊ लागल्या. त्यांनाही आम्ही आमच्याच गोष्टी दाखवल्या. गांडूळ खत, डाळमिल, शेततळे. गेल्या वर्षी सेलू तालुक्यातल्या एका गावी गटाच्या बैठकीला बसलो होतो. पुढच्या सहलीचा विषय निघाला. तेव्हा एक बाई म्हणाली, "साहेब, तुमची डाळमिल पायली, खताचे टाके पायले. आता आमाले बोरचं जंगल दाखवा."

मी हसलो. म्हटले, "बाई, जंगल तर तुमच्या धुऱ्याला लागून आहे. तुम्ही रोज जाता तिथे."

ती म्हणाली, "जातो जी. पण मोळी आणाले जातो, मोह येचाले जातो. जंगल पायाले कदी गेलो?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परवानगीची गोष्ट

खात्याच्या पैशातून असली सहल बसत नाही. सहलीच्या कागदावर 'उद्देश' म्हणून एक रकाना असतो. त्यात ठिबक चालते, बीजप्रक्रिया चालते. 'रान पाहणे' चालत नाही. बायांनीच तोड काढली. "आमी आमच्या पैशानं जातो, तुमी फक्त संगं चला." गटात वर्गणी ठरली. जिप्सी गाड्यांची नोंदणी एका कॉलेजात जाणाऱ्या पोरीने आपल्या मोबाईलवर करून टाकली.

मग गावात कुजबूज सुरू झाली. पारावर कोणी म्हणाले, "बायांले आता वाघ पायाचा हाय म्हणते!" कोणी म्हणाले, तूर काढून झाली म्हणून सुचते हे. दोन घरांतून नकार आला. त्यांतल्या एका घरच्या सासूने मात्र वेगळाच निकाल दिला. ती म्हणाली, "सून एकटी नाई जात. मी बी येतो." सत्तरीची म्हातारी! तिच्यापुढे कोण बोलणार? दोघी आल्या.

माझ्या बायकोने सुचवले की आपल्या ताईंनाही न्या. माझी मोठी बहीण त्याच भागात दिलेली आहे. तिला विचारले तर म्हणाली, "येतो. पण मले पाण्याजवळ नेजो नोको." तिच्या या बोलण्यामागे एक गोष्ट आहे. ती पुढे सांगतो.

बोरचे रान

माघ संपत आला होता. सेलूहून हिंगणीच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार होता. हा भाग एके काळी केळीच्या बागांसाठी नावाजलेला. आता कपाशी, तूर, सोयाबीन आणि पाणी असेल तिथे गहू-चणा. हिंगणी मागे पडली की डोंगर जवळ येतात आणि हवा एकदम थंड लागते. बोर नदीवरचे धरण साठच्या दशकात झाले. त्या पाण्याच्या भोवती डोंगरांची रांग आहे आणि रांगेवर सागाचे रान. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवरचे हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्या वेळचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते.

पण लहान म्हणून त्याचे मोल कमी नाही. ईशान्येला पेंच, पूर्वेला नागझिरा, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा, पश्चिमेला मेळघाट. एवढ्या सगळ्या वाघांच्या मुलखामध्ये बोर म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. वाघ एका रानातून दुसऱ्या रानात जातो तो अशाच ठिकाणी दम घेत. वाटेत आपली शेते लागतात, आणि आपल्या मोटारीही. बोरचा 'बाजीराव' नावाने ओळखला जाणारा वाघ २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. हे गाईडने सांगितले तेव्हा एक बाई हळहळली. "आपण त्याले भेतो, अन् तो गाडीखाली मेला."

बघणाऱ्या बाया

फाटकातून आत गेलो तेव्हा तांबडे फुटत होते. आत गाडीतून उतरायला बंदी असते. बोलणेही हळूच. बायांना मी तशी ताकीद देऊन ठेवली होती, पण त्याची गरज पडली नाही. पहिला अर्धा तास कोणी तोंडच उघडले नाही.

मग सुरू झाले ते मात्र ऐकण्यासारखे होते. गाईड तरुण मुलगा, जवळच्याच गावचा. तो शिकवलेले सांगू लागला, "हा ऐन, हा तेंदू." मागून आवाज आला, "हा धावडा. याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात घालते. तो बिबा. अन् ती सालई, लवकर पेटते पण इस्तव टिकत नाई." गाईड मागे वळून पाहू लागला. पुढे एक वारूळ उकरलेले दिसले. त्याने सांगण्याआधीच म्हातारी म्हणाली, "अस्वलानं फोडलं रे बाबू. उधई खाल्ली त्यानं." थोडे पुढे लेंड्यांचा ढीग. "रोही. एकाच जागी बसते मेलं." नीलगायीने जिचा अर्धा चणा खाल्ला होता, तिला ती खूण कशी चुकेल?

माझ्या मनात आले, आपण यांना काय शिकवणार? रानाची विद्या यांच्याजवळ आहेच. फक्त ती विद्या आहे असे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

एका वळणावर पाण्याच्या काठी ओल्या मातीत पंजा उमटलेला होता. गाईडने गाडी थांबवली. वाघ, बिबट्या नखे आत ओढून चालतात, म्हणून त्यांच्या पावलाला नखांच्या खुणा दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या दिसतात. हे त्याने समजावून सांगितले. एकीने मान हलवली. "मांजरीचाच पाय, वाढवलेला." याहून चांगले मलाही सांगता आले नसते.

तेवढ्यात डोंगराच्या अंगाला वानर खेकसले. मग चितळाची शीळ आली, एकदा, दोनदा. गाईडने हात वर केला. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. वाघ कुठेतरी हलत होता आणि सारे रान एकमेकाला सांगत होते. दहा मिनिटे गेली असतील. वाघ काही दिसला नाही. सांबर दिसले, मोर दिसले, लांबवर गवे दिसले. पण ती दहा मिनिटे माझ्या अजून अंगावर आहेत.

बाहेर आल्यावर फाटकाजवळ चहा झाला. ज्या बाईने बैठकीत विषय काढला होता, तिला मी विचारले, "वाघ तर दिसला नाही. पैसे फुकट गेले का?"

ती म्हणाली, "नाई साहेब. डोक्यावर वझं असलं का मान वर होत नाई. एवढ्या वर्षांत मोह खालीच पायला. त्याचा शेंडा आज पायला."

चाळीस वर्षे रानात जाणारी बाई हे सांगत होती.

ताईची विहीर

दुपारची शिदोरी गटातल्या एका बाईच्या शेतात सोडायची ठरली होती. तिथे जुनी पायऱ्यांची दगडी विहीर आहे. जवळून बोरचा कालवा जातो, त्यामुळे माघातही तिला भरपूर पाणी होते. त्या बाईची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे धावते, कॉलेजातून पोहायला शिकून आली आहे. ती म्हणाली, "काका, आज आपण सगळ्यांना पाण्यात उतरवू."

आता ताईची गोष्ट सांगतो. मी दहा वर्षांचा असेन, ताई चौदाची. आमच्या शेतातल्या विहिरीत आम्ही पोरे पाठीला कोरड्या भोपळ्यांची जोडी बांधून पोहायला शिकत होतो. वडील स्वतः काठावर उभे राहून शिकवत. ताई त्याच विहिरीवरून रोज घागरी भरायची. तिला कोणी भोपळा बांधला नाही. तसे कोणाच्या मनातही आले नाही. एके दिवशी काठाचा दगड निसटला आणि ताई आत गेली. नशीब म्हणून इंजिनाचा पाइप तिच्या हाताला लागला. सालदाराने उडी घेऊन तिला काढले.

त्या रात्री वडिलांनी हुकूम काढला, "आजपासून ताई विहिरीवर जायची नाही." ताईला पोहायला शिकवा, असे ते म्हणाले नाहीत. आईही म्हणाली नाही. आम्ही भाऊ तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा भोपळे बांधून पाण्यात उतरलो.

वडिलांना नावे ठेवायला मला तोंड नाही. माझी मुलगी अकरावीत असताना डोंगर चढण्याच्या शिबिराला जाते म्हणाली. चांगले शिबिर होते, सोबत शिक्षिका होत्या. मी नाही म्हटले. कारण विचारले तेव्हा सांगितले, "काही झाले तर?" आता कळते, मीही तेच केले. मुलीच्या वाटेत धोका दिसला की आपण तिला कसब देत नाही, बंदी देतो. धोका मात्र जिथल्या तिथे राहतो. विहीर गावातच असते आणि पाणी कोणाला तरी भरावेच लागते.

तर त्या दुपारी चार-पाच बाया आणि सहा मुली सलवार घालून पायऱ्यांनी खाली उतरल्या. लुगडे, साडी पाण्यात पायाला गुंडाळते, म्हणून त्या मुलीने आधीच सगळ्यांना बजावले होते. कमरेला बूच घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे डबे बांधले. प्रत्येकीच्या कमरेला दोर आणि दोराचे टोक वर दोघींच्या हातात. दोराची गाठ कशी मारावी यावर थोडी चर्चा झाली. सरकती गाठ मारली तर फास बसतो. म्हातारी पुढे आली. "वासराले बांधतो तशी मारा. ओढली तरी आवळत नाई, अन् सोडाले सोपी." गिर्यारोहण शिकवतात तिथे हीच विद्या वेगळ्या नावाने शिकवतात. आमच्या म्हातारीला ती गोठ्यात येत होती.

आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. मग पायरी धरून पाय मारायचे. मग डब्याच्या आधाराने नुसते तरंगायचे. हसणे, किंचाळणे, एकमेकींवर पाणी उडवणे. एवढ्या मोठ्याने हसताना या बायांना मी कधी ऐकले नव्हते. मी वरच्या बाभळीखाली जाऊन पाठ करून बसलो.

ताई सगळ्यांत वरच्या पायरीवर बसून होती. तास गेला. मग बायांचा गलका एकदम थांबला म्हणून मी मागे पाहिले. ताई उतरत होती. कमरेला दोर, दोर धरायला चार जणी. एक पायरी, मग थांबायची. दुसरी पायरी, मग थांबायची. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले. ती भिंतीचा दगड धरून उभी राहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. वर आली तेव्हा मी टॉवेल घेऊन गेलो. ती म्हणाली, "मले वाटलं व्हतं लई थंड असन. तितकं थंड नाई रे."

शेहेचाळीस वर्षे ती त्या पाण्याला भीत होती.

आपल्याच मुलखातल्या वाटा

बायांनी रानात, डोंगरात हिंडणे हे काही शहराचे खूळ नव्हे. आपल्याकडे ते पूर्वीपासून आहे, फक्त देवाच्या नावाने. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर महादेवाला त्रिशूळ वाहायला विदर्भातून माणसे जातात. श्रावणात नागपंचमीच्या आधी नागद्वारची यात्रा भरते. भर पावसात सातपुड्याचे कडे, ओढे, निसरड्या वाटा चालून जायचे. वर्ध्या-नागपूरच्या कितीतरी आयाबाया ही वाट चालल्या आहेत. परत आल्यावर त्या नवस सांगतात. पण जरा खोदून विचारा, मग ढगांत उतरलेली दरी सांगतात, धबधबा सांगतात.

आपल्या पवनारलाच पाहा. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले ते बहिणींसाठी. शेती, स्वयंपाक, कारभार सारे त्या स्वतः करीत आल्या. विनोबांच्याच प्रेरणेने १९६७ साली चार बहिणींनी बारा वर्षांची लोकयात्रा सुरू केली आणि गावोगाव पायी फिरत देश पाहिला. तेव्हा ना मोबाईल होता ना धड रस्ते.

आणि अलीकडची गोष्ट. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतली मुले-मुली 'मिशन शौर्य' या मोहिमेत निवडली गेली. त्यांचा सुरुवातीचा सराव आपल्या वर्ध्यात झाला, मग हैदराबाद, दार्जिलिंग, लेह. २०१८ च्या मे महिन्यात त्यांतल्या पाच जणांनी एव्हरेस्ट गाठले. त्या पाचांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्याआधी २०१४ साली तेलंगणातल्या मालावत पूर्णा या शेतमजुराच्या मुलीने वयाच्या तेराव्या वर्षी तेच शिखर गाठले होते. या मुलींनी डोंगर काही पुस्तकात पाहिला नव्हता. ओझे घेऊन चढणे, उन्हात तग धरणे, अर्धपोटी चालणे हे त्यांच्या अंगात होते. कोणी तरी त्याला वळण दिले, एवढेच.

तुम्ही म्हणाल, ही झाली पोरींची गोष्ट. मग बचेंद्री पाल यांचे सांगतो. १९८४ साली एव्हरेस्टवर पाय ठेवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यांनी २०२२ साली, वयाच्या सत्तरीकडे झुकताना, पन्नाशी ओलांडलेल्या बायांची तुकडी घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय पायी ओलांडला. जवळजवळ पाच महिने त्या चालत होत्या. त्या तुकडीत आपल्या नागपूरच्या बिमला नेगी देऊस्कर होत्या. पन्नाशी म्हणजे माळ जपत बसायचे वय, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रान म्हणजे मांडव नव्हे

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात स्वाती ढुमणे ही वनरक्षक वाघांच्या खुणा मोजण्याच्या कामावर पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेली. सरकारी काम करताना, सोबत माणसे असताना गेली. आजही वनखात्यात मुली गस्त घालतात, ताडोब्यात बाया गाईडचे काम करतात. पण रानाला कोणी गृहीत धरू नये. मोहाच्या दिवसांत वाघ-अस्वलाशी गाठ पडण्याचा धोका मोळीवाल्या बायांनाच सर्वांत जास्त. म्हणून सहलीला जा किंवा मोहाला, पुढच्या गोष्टी सांभाळा.

१. रानात एकटीने जाऊ नका. चौघी-पाचजणींनी मिळून, मोठ्याने बोलत जा. मोह वेचताना वाकलेले किंवा बसलेले माणूस जनावराला माणूस वाटत नाही. म्हणून एकीने उभे राहून पहारा करावा, पाळीपाळीने. ऊन नीट वर आल्याशिवाय आत शिरू नये.

२. वाघ समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा. पिले दिसली तर तिथून आल्या पावली परता.

३. मोहाखालचा पाला पेटवू नका. झाडून घ्या. त्या एका काडीने डोंगरच्या डोंगर जळतो आणि पुढच्या वर्षीचा मोहही. चूल मांडली असेल तर निघताना पाणी ओता, वर माती टाका, हात लावून गार झाल्याची खात्री करा.

४. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. दंश झाला तर चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी करकचून आवळू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात-पाय काडीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत येत नाही.

५. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबू नका. पक्के घर जवळ नसेल तर सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवे बसा. हातातले विळा-कुऱ्हाड दूर ठेवा.

६. व्याघ्र प्रकल्पात गाडीतूनच फिरा आणि खाली उतरू नका. धरणाच्या पाण्यात पोहायला शिकू नका, तिथे खोलीचा अंदाज येत नाही.

शेततळ्याचा दोर

एक गोष्ट खास माझ्या खात्याची. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. पुष्कळ शेततळी झाली, चांगले झाले. कित्येकांत प्लास्टिकचे अस्तर घातले. त्या अस्तरावर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हात टेकायला जागाच नसते. लेकरे, गुरे आणि पाणी घ्यायला वाकलेल्या बाया त्यात घसरतात. मी किती शेततळ्यांची मापे घेतली, किती कागदांवर सह्या केल्या! पण दर खेपेला "काठाला दोर बांधा" असे निक्षून सांगितले का? नाही सांगितले. त्या दुपारी विहिरीवर बसून हे मला लख्ख आठवले.

म्हणून आता सांगतो. शेततळ्याच्या चारही बाजूंना खुंट ठोकून, हात-हाताच्या अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडा. एक जुनी फुगवलेली ट्यूब काठाला ठेवा. भोवती काटेरी का होईना, कुंपण करा. कोणी पडले तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका. दोर फेका, बांबू द्या, लुगड्याचे टोक टाका. आणि घरातल्या प्रत्येक मुलीला तरंगायला शिकवा. सायकल शिकवतो तसे, शाळेत घालतो तसे.

परतताना

त्या संध्याकाळी लगेच निघायला कोणी तयार होईना. शेतात तीन दगडांवर चहा झाला. अंधार पडला तशी चांदणे निघाले. म्हातारीने नातवयाच्या मुलींना तिकांडे दाखवले, सप्तर्षी वर यायला अजून वेळ आहे म्हणाली, ध्रुव कुठे ते दाखवले. "रातीच्या ओलिताले जाच्या वक्ताले घड्याळ कुठं व्हतं? हेच पाहू." पोलीस भरतीची मुलगी ते लक्ष देऊन ऐकत होती. दुपारी ती शिकवणारी होती, रात्री शिकणारी झाली.

मी कार्यालयात कसलाच अहवाल दिला नाही, कारण ती खात्याची सहल नव्हती. पण मुलीला पुण्याला फोन करून सगळे सांगितले. शिबिराची गोष्टही काढली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मलाही सांगा. मी येईन."

आता गटातल्या बाया दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या पायऱ्यांच्या विहिरीवर जमतात. ज्या दोन घरांतून आधी नकार आला होता, त्यांतल्या दुसऱ्या घरची सूनही येऊ लागली आहे. आणि ताईने यंदा पावसाळ्यात मांडवावर दुधी भोपळ्याचा वेल चढवला. त्याचे दोन मोठे भोपळे कोणी तोडायचे नाहीत, असा तिने घरात हुकूम काढला आहे. ते वाळवायचे आहेत. तिची नात आता सात वर्षांची झाली.